पहिला दिवस कुठून मोजायचा? प्रवाशांच्या क्वारंटाइनचं गणित

२०२० साली गणपती २२ ऑगस्टला होते. कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना सरकारनं सांगितलं होतं की १२ तारखेपर्यंत गावात पोहोचा, दहा दिवस वेगळे राहा, चाचणी नको. १२ नंतर येणार असाल तर आधीच्या ४८ तासांत केलेली चाचणी हवी आणि ती निगेटिव्ह हवी. बारा अधिक दहा बरोबर बावीस. त्या वर्षीच्या शेकडो आदेशांमध्ये इतकी सरळ बेरीज मला दुसरी आठवत नाही.

मी ११ च्या रात्री एसटीत बसलो आणि १२ ला दुपारी दीडच्या सुमारास खळ्यात पाऊल टाकलं. खारेपाटणच्या नाक्यावर कपाळासमोर थर्मल गन धरून, नाव-गाव-फोन लिहून घेऊन झालं होतं. काकानं मला घरात न घेता सरळ मागच्या मांगरात नेलं. गवताच्या भाऱ्यांशेजारी खाट, पाण्याचा हंडा, भिंतीला एक बल्ब. दाराबाहेर एक चिरा ठेवलेला. त्यावर जेवण ठेवायचं, काका चार पावलं मागे झाला की मी उचलायचं. केळीच्या पानावर जेवण, म्हणजे धुवायला ताट परत द्यायला नको.

आजी पडवीतून ओरडली, "दहा दिवस म्हणजे सुतकासारख्याच. मगे बावीस तारखेक सकाळी पूजेक येतलंस."

ग्रामकृती दलाचा, म्हणजे गावातल्या कोरोना समितीचा, पोरगा वही घेऊन उभा होता. तो म्हणाला, "तसा नाय आजी. आजचो दिवस धरूचो नाय. उद्या पयलो."

झालं. आजीच्या हिशोबानं १२ ते २१ असे दहा दिवस, २२ ला सकाळी मी मोकळा. त्याच्या हिशोबानं १३ ते २२, म्हणजे मोकळा २३ ला, गणपती बसून एक दिवस झाल्यावर. दोघंही दहाच मोजत होती. महासाथीच्या काळातले प्रवासाचे निम्मे वाद याच जातीचे होते. आकडा सगळ्यांना पाठ, पण तो कुठून मोजायचा आणि मुळात आला कुठून, हे कोणी सांगत नव्हतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. सरकारी मराठीत अलगीकरण आणि विलगीकरण असे दोन शब्द होते. अलगीकरण म्हणजे क्वारंटाइन. माणूस धडधाकट आहे, पण त्याला संसर्ग झालेला असू शकतो, म्हणून थांबून वाट बघायची. विलगीकरण म्हणजे आयसोलेशन. आजार झाल्याचं नक्की आहे, म्हणून इतरांपासून दूर ठेवायचं. कागदावर फरक स्वच्छ, पण बोलताना सगळ्यांनी दोन्हींची सरमिसळ केली आणि गावात दोन्हींचं मिळून 'कोरोंटाइन' झालं. 'तो कोरोंटाइन झालाय' म्हटलं की ऐकणारा समजे, गेला, पॉझिटिव्ह आला. हा घोळ नुसता भाषेचा नव्हता. ज्यांची वाट बघायची ते आणि जे नक्की आजारी आहेत ते एकाच शाळेत, एकाच संडासाच्या रांगेत ठेवले, तर वाट बघणाऱ्यांना आजार आपणच आणून देतो.

क्वारंटाइन हा शब्द इटालियन भाषेतल्या चाळीसवरून आला. एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुसा बंदरानं, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकनं, १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबायला लावलं. पुढे तिसाचे चाळीस झाले. व्हेनिसनं १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचं रुग्णालयच उभारलं. चाळीस हा आकडा कुठल्या तपासणीतून आलेला नव्हता. प्लेगचा जंतू सापडला तोच मुळी १८९४ मध्ये, हाँगकाँगला. दोन वर्षांत तो प्लेग मुंबईच्या मांडवीत येऊन थडकला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी जेमतेम चार कलमांचा साथरोग कायदा केला. रेल्वेनं आणि इतर मार्गांनी प्रवास करणाऱ्यांची तपासणी करायची, संशयितांना वेगळं ठेवायचं, हे अधिकार त्यात आहेत. त्याच वर्षी पुण्यात काय झालं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं कोरोनासाठी जे नियम काढले ते याच कायद्याखाली. म्हणजे मला मांगरात ठेवणाऱ्या आदेशाचं मूळ व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं होतं.

आता १४ दिवसांकडे येऊ. हा आकडा मात्र विषाणूच्या घड्याळाचा आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला अधिशयन काळ म्हणतात. २०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या आणि चीनबाहेरच्या रुग्णांवरून जो हिशोब निघाला त्यात हा काळ मध्यावर धरला तर साधारण पाच दिवस होता. ज्यांना लक्षणं येणार त्यांच्यापैकी शंभरातल्या ९७-९८ जणांना ती साडेअकरा दिवसांच्या आत आली. १४ दिवस थांबलं तरी दहा हजार बाधितांत शंभरएक जण असे असू शकतात ज्यांना लक्षणं त्यानंतर दिसतील. म्हणजे चौदाव्या दिवशी धोका शून्य होतो असं कुणी कधी म्हटलेलंच नाही. तो इतका कमी होतो की त्यापुढे माणसाला डांबून ठेवण्यात अर्थ राहत नाही.

आणि इथेच नियम करणाऱ्यांची खरी कसरत सुरू होते. चौदाव्या दिवसापर्यंत थांबवलं तर धोका अगदी थोडा उरतो, पण लोक दहाव्या दिवशीच पळून जातात, खोटं बोलतात किंवा प्रवासाची माहितीच लपवतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये हे उघड मान्य केलं. चाचणीशिवाय दहा दिवस पुरेत, किंवा चाचणी निगेटिव्ह असेल तर सात दिवस. पहिल्या पर्यायात साधारण एक टक्का धोका उरतो, दुसऱ्यात पाच, आणि वाईटात वाईट धरलं तर दोन्हींत दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो, हेही त्यांनी लिहून टाकलं. मला हा प्रामाणिकपणा आवडला. आपल्याकडे आकडा बदलला की फक्त नवा आदेश यायचा. तो का बदलला याची ओळ त्यात शोधावी लागायची, आणि बहुधा सापडायची नाही. कोकणातले दहा दिवस घ्या. आधी चौदाची चर्चा होती. चौदा ठेवले असते तर गणपतीसाठी आठ तारखेपर्यंत पोहोचावं लागलं असतं, आणि तितकी रजा कोणाकडे होती? चौदाचे दहा झाले त्यात विषाणूचा वाटा थोडा, चतुर्थीचा आणि रजेच्या अर्जाचा जास्त. यात चूक काही नाही. लोक पाळतील असे दहा दिवस हे न पाळल्या जाणाऱ्या चौदांपेक्षा बरे. फक्त तसं सांगायला हवं होतं.

आता चाचणी. अनेकांच्या डोक्यात चाचणी म्हणजे पासपोर्टवरचा शिक्का. एकदा निगेटिव्ह आला की माणूस शुद्ध. पण आरटी-पीसीआर तुमच्या नाकातून घेतलेल्या बोळ्यात विषाणूचा जनुकीय धागा आहे का, एवढंच सांगते. तेही नमुना घेतला त्या क्षणापुरतं. विषाणू काल शरीरात शिरला असेल तर आज तो चाचणीत सापडत नाही, कारण त्याची संख्याच अजून वाढलेली नसते. पहिल्या लाटेतल्या नमुन्यांवर आधारलेल्या एका अभ्यासानं याचं गणित मांडलं होतं. संसर्गाच्या पहिल्या दिवशी चाचणी केली तर शंभरच्या शंभर बाधित निगेटिव्ह दिसतील. चौथ्या दिवशी ६७. लक्षणं सुरू व्हायच्या दिवशी, म्हणजे साधारण पाचव्याला, ३८. आठव्या दिवशी सगळ्यात कमी, २०. त्यानंतर चूक पुन्हा वाढत जाते, कारण विषाणू ओसरायला लागतो.

हा आठवा दिवस लक्षात ठेवा. १ डिसेंबर २०२१ पासून ओमिक्रॉनच्या धास्तीनं केंद्रानं 'जोखमीच्या' देशांतून येणाऱ्यांसाठी नियम लावला. उतरल्यावर चाचणी, सात दिवस घरी, आठव्या दिवशी पुन्हा चाचणी. तेव्हा बरेच प्रवासी वैतागून विचारायचे, विमानतळावर निगेटिव्ह आलो ना, मग पुन्हा कशाला? कारण विमानतळावरची चाचणी विमानात बसण्यापूर्वीच्या संसर्गाबद्दल बोलते. विमानात शेजारच्यानं जे दिलं त्याबद्दल ती मुकी असते.

एसटीचंही तेच. मी मुंबईत ४८ तास आधी चाचणी करून आलो असतो तर तिनं मुंबईतल्या माझ्या आठवड्याबद्दल थोडंफार सांगितलं असतं. रात्रभरच्या एसटीबद्दल, थांब्यावरच्या चहाच्या टपरीबद्दल ती काहीच सांगू शकली नसती. म्हणून चाचणी की दिवस, असा पर्याय ठेवला तर दिवसांचं पारडं जड असतं. चाचणीनं दिवस कमी करता येतात, पुसून टाकता येत नाहीत.

मग ४८ तास, ७२ तास, ९६ तास हे काय प्रकरण होतं? हे विषाणूचं घड्याळ नव्हे, प्रयोगशाळेचं. चाचणी जितकी प्रवासाच्या जवळ तितकी चांगली, पण अहवाल यायला एक-दोन दिवस लागायचे. त्यामुळे नियम करणारा लॅबची गती बघून आकडा ठरवायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांना निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला. विमानानं येणाऱ्याची चाचणी उतरण्याआधीच्या ७२ तासांतली हवी, रेल्वेनं येणाऱ्याची ९६ तासांतली. विषाणूला विमान आणि रेल्वे यांतला फरक कळत नाही. रेल्वेला जास्त तास दिले ते प्रवासच लांबचा म्हणून.

आणि हे तास कुठून मोजायचे? नमुना दिल्यापासून, की अहवालावरच्या वेळेपासून? कुठपर्यंत, विमान सुटेपर्यंत की उतरेपर्यंत? समजा तुम्ही सोमवारी सकाळी दहाला नमुना दिला आणि अहवाल मंगळवारी रात्री आला. तुमचं विमान गुरुवारी सकाळी साडेआठला सुटतं आणि पावणेअकराला उतरतं. सुटताना झाले साडेसत्तर तास, उतरताना पावणेत्र्याहत्तर. नियमात 'उतरण्याआधी ७२ तास' असं असेल, तर काउंटरवर सगळं ठीक होतं आणि पलीकडे गेल्यावर तुम्ही अडकता. माझ्या एका मित्राला असाच पाऊण तास जास्त झाला म्हणून पुन्हा नाकात काडी घालून घ्यावी लागली, पैसे भरून. तो अजून ती गोष्ट सांगतो आणि दर वेळी त्यातला पाऊण तास पाच मिनिटांनी कमी होतो.

सीमेवर राहणाऱ्यांचे हाल आणखी वेगळे. मे २०२१ मध्ये गोव्यातल्या उच्च न्यायालयाच्या आदेशानं राज्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला ७२ तासांतलं निगेटिव्ह प्रमाणपत्र सक्तीचं झालं. हा नियम पर्यटकाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला. एकदा यायचं, चार दिवस राहायचं, जायचं. पण सावंतवाडी-दोडामार्गचा मुलगा रोज गोव्यात कामाला जातो. त्याच्यासाठी ७२ तासांची मुदत म्हणजे महिन्याला दहा चाचण्या. तेच कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना लावलं तेव्हा कोगनोळीच्या नाक्यावर झालं. शेत एका राज्यात आणि बाजार दुसऱ्या राज्यात असलेल्या माणसाला 'प्रवासी' म्हणायचं का, हा प्रश्न नियमाच्या मसुद्यात कोणाच्या डोक्यातच आलेला नसतो.

चाचणीची उलटी बाजूही आहे. बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात रेंगाळतात आणि पीसीआर जिवंत-मेलेलं ओळखत नाही. म्हणून काही देशांनी अलीकडेच बरे झालेल्यांना चाचणीऐवजी बरे झाल्याचं प्रमाणपत्र चालेल असं ठरवलं. ज्यांना हे माहीत नव्हतं ते आजार गेल्यावरही तिकिटं पुढे ढकलत बसले.

थर्मल गनबद्दल थोडक्यात, कारण तिची लायकीच तेवढी. २००३ च्या सार्समध्ये माणूस बराच आजारी पडल्यावर जास्त संसर्ग पसरवायचा, म्हणून ताप बघण्यात काही दम होता. कोरोनात लक्षणांच्या दोनेक दिवस आधीपासूनच माणूस पसरवू लागतो, आणि कित्येकांना ताप येतच नाही. शिवाय पॅरासिटामॉलची गोळी कुठल्याही नाक्यावर गनला चकवते. खारेपाटणला माझ्या कपाळाचा आकडा लिहिला गेला त्याचा खरा उपयोग आकड्याचा नव्हता, शेजारी लिहिलेल्या फोन नंबरचा होता. पुढे एसटीतलं कोणी पॉझिटिव्ह निघालं असतं तर मला शोधता आलं असतं.

आता सगळ्यात कमी समजलेली गोष्ट, ती म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर येणं. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस हे जहाज अडवलं गेलं. त्यावर ३,७११ माणसं होती. प्रवाशांना केबिनमध्ये राहायला सांगितलं, पण कर्मचारी त्यांना जेवण पोहोचवत होते, एकत्र जेवत होते, एकाच खोलीत दोघं-तिघं झोपत होते. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ कर्मचारी. अखेर सातशेहून जास्त जण बाधित निघाले. चाचणी झाली तेव्हा त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास लोकांना काहीच लक्षणं नव्हती. जहाजावर १४ दिवस मोजले गेले, पण ज्याच्या खोलीतला साथीदार नवव्या दिवशी पॉझिटिव्ह निघाला त्याचे १४ त्या दिवसापासून पुन्हा सुरू व्हायला हवेत, कारण त्याचा शेवटचा संपर्क नवव्या दिवसाचा. क्वारंटाइन मोजायचं असतं ते शेवटच्या संपर्कापासून. अडवल्याच्या दिवसापासून मोजणं सोपं असतं, बरोबर नसतं.

घरातसुद्धा हेच होतं. परदेशातून आलेला मुलगा वरच्या खोलीत, आई तीन वेळा ताट घेऊन आत जाते, दहा मिनिटं गप्पा मारते. मुलाचे सात दिवस संपतात तेव्हा आईचे सुरू झालेले असतात. काकानं ठेवलेला तो चिरा आणि केळीचं पान दिसायला गावठी, पण त्यामुळे दहा दिवसांत माझा कोणाशी नवा संपर्क झाला नाही आणि माझं घड्याळ मागे गेलं नाही. पंचतारांकित हॉटेलातल्या क्वारंटाइनलाही यापेक्षा वेगळं काही करायचं नसतं.

हॉटेलवरून पैशांचा विषय निघतो. २०२० च्या मे महिन्यात केंद्रानं परदेशातून येणाऱ्यांना १४ दिवसांतले पहिले सात स्वखर्चानं संस्थेत आणि पुढचे सात घरी काढायला सांगितले. गरोदर बायका, ज्यांच्या घरात मृत्यू झालाय ते, गंभीर आजारी आणि दहा वर्षांखालच्या मुलांचे आईबाप यांना थेट घरी जाता येत होतं. ऑगस्टपासून ९६ तासांतली निगेटिव्ह चाचणी दाखवली की संस्थेतल्या मुक्कामातून सुटका मिळू लागली. म्हणजे चाचणीचे पैसे भरा किंवा हॉटेलचे. पोटापाण्यासाठी आखातात गेलेला आणि नोकरी गमावून परत येणारा कामगार आणि बिझनेस क्लासमधला साहेब यांना हा पर्याय सारखाच उपलब्ध होता, असं म्हणायला हरकत नाही. कागदावर.

त्याआधी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात डाव्या हातावर शिक्का मारायची पद्धत सुरू झाली होती. न पुसणारी शाई आणि कोणत्या तारखेपर्यंत घरी राहायचं याची नोंद. दोनच दिवसांत जर्मनीहून आलेले चौघं हातावर शिक्के घेऊन गरीब रथनं सुरतकडे निघालेले सापडले आणि त्यांना पालघरला उतरवलं. घरी राहा म्हणायचं आणि घर सुरतेत असेल तर तिथवर कसं जायचं ते सांगायचं नाही, अशा नियमात ही फट राहणारच.

देशांच्या याद्यांची गंमत तर विचारू नका. 'जोखमीचे देश' ठरतात ते तिथे नवा विषाणू सापडल्यावर, आणि सापडतो तिथेच जिथे शोधायची यंत्रणा चांगली असते. दक्षिण आफ्रिकेनं ओमिक्रॉन लवकर ओळखून जगाला सांगितलं आणि बक्षीस म्हणून तिच्याच विमानांवर बंदी आली. यादी निघेपर्यंत विषाणू दुसऱ्या देशातून, दुसऱ्या विमानानं निघालेला असतो. त्यात महाराष्ट्रानं केंद्रापेक्षा कडक आदेश काढला: जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थेत, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चाचणी. केंद्रानं कळवलं, आमच्याशी जुळवून घ्या, आणि आदेश बदलला. या धावपळीत हवेत असलेल्या प्रवाशाला उतरल्यावर कुठला नियम लागणार, हे विमानात कोणीच सांगू शकत नव्हतं. मुंबईत थेट उतरणारा आणि दिल्लीत उतरून देशांतर्गत विमानानं मुंबईला येणारा, दोघं एकाच देशातून आलेले असले तरी वेगवेगळ्या रांगेत जात.

लसीच्या प्रमाणपत्राचं प्रकरण पुणेकरांना चांगलं आठवत असेल. कोविशिल्ड पुण्यात बनत होती आणि तीच अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस ब्रिटनमध्येही दिली जात होती. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटननं सांगितलं की भारतात कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाही दहा दिवस क्वारंटाइन. ओरड झाल्यावर म्हणाले, लस मान्य आहे, प्रमाणपत्राचं बघावं लागेल. मग कोविनच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख टाकायची सोय झाली. भारतानंही ४ ऑक्टोबरपासून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना लस घेतलेली असो वा नसो, तीन चाचण्या आणि दहा दिवस लावले. ११ ऑक्टोबरला ब्रिटननं माघार घेतली, पाठोपाठ आपणही. यातले दहा दिवस ना विषाणूच्या घड्याळाचे होते ना प्रयोगशाळेच्या. ते परराष्ट्र खात्यांच्या घड्याळाचे होते.

याच्या उलट, इतका जुना आणि इतका नीट बसलेला नियम आहे की त्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. मसाई मारा बघायला केनियाला जाणाऱ्या ग्रुप टूरवाल्यांना विचारा: निघण्याआधी पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस घ्यावी लागते आणि पिवळं कार्ड सोबत ठेवावं लागतं. पीतज्वर आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे, भारतात नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे, तोच जो डेंग्यू देतो. एक बाधित प्रवासी आणि एक डास, एवढं पुरेल. म्हणून त्या देशांतून लसीशिवाय परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत अडवून ठेवता येतं. सहाच का? कारण पीतज्वराचा अधिशयन काळ तितका धरला जातो. लस टोचल्यावर कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, कारण शरीराला तयारीला तेवढा वेळ लागतो. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात लस घेऊन बिनधास्त निघणारे इथेच फसतात. जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, आधी दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावं लागायचं. तेव्हा जपून ठेवा. या नियमातला प्रत्येक आकडा कुठून आला हे सांगता येतं, आणि बहुधा म्हणूनच त्यावर भांडणं होत नाहीत.

कोरोनाचे आकडे एकेक करून गळत गेले. १४ फेब्रुवारी २०२२ पासून सात दिवसांचं घरचं क्वारंटाइन गेलं, त्या वर्षीच्या २२ नोव्हेंबरला परदेशातून येणाऱ्यांनी भरायचा एअर सुविधाचा फॉर्म गेला. नंतर २०२३ च्या जानेवारीत चीन, जपान, थायलंड अशा सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना काही आठवडे पुन्हा चाचणी लागली, तीही फेब्रुवारीत सुटली.

राहिला आमच्या खळ्यातला वाद. वैद्यकीय हिशोबात ग्रामकृती दलाचा पोरगा बरोबर होता. शेवटच्या संपर्काचा दिवस शून्य धरायचा, दुसरा दिवस पहिला. माझा शेवटचा संपर्क मुंबईत नव्हे, एसटीत झालेला, म्हणजे १२ तारीख शून्य. पण शून्य धरून दहा दिवस मोजायचे म्हणजे खरं तर २४० तास मोजायचे, आणि मी उतरलो होतो दुपारी दीडला. २२ ला दुपारी दीडला ते भरत होते. भटजी येणार होते सकाळी नऊला. आजीचे दहा दिवस साडेचार तास आखूड होते आणि वहीतले दहा दिवस रात्रीपर्यंत लांबत होते. पोरानं मोबाइलमध्ये आदेश पुन्हा वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तास धरूया. पण घरात नको, खळ्यात."

तेव्हा २२ ला सकाळी मी तुळशीपाशी छत्री घेऊन उभा राहिलो आणि दारातून जेवढी दिसते तेवढी पूजा पाहिली. आरतीला माझ्या हातात टाळ द्यायला कोणी बाहेर आलं नाही, म्हणून टाळ्या वाजवल्या. पाऊस मधूनच जोर धरत होता. जेवणं बारालाच व्हायची, पण त्या दिवशी आजीनं कोणालाच बसू दिलं नाही. एक पस्तीसला काकानं मांगरासमोरचा चिरा उचलून बाजूला ठेवला आणि मला हाक मारली.